सांगलीच्या उन्हाळ्यात ताण आणि मॉर्फिनचा प्रयोग लावताना

एकदाच जबर ताण दिलेल्या उंदरांवर मॉर्फिनचा परिणाम कसा होतो हे बघायचं, तर आधी त्यांच्या पोहण्याच्या पाण्याकडे बघ. उंदराला 2 तास जखडून ठेवणं, 20 मिनिटं पोहायला लावणं, 15 मिनिटं विसावा, शेवटी बेशुद्ध होईपर्यंत ईथर (पेट घेतं, जवळ बर्नर नको!) हा आघातासारखा ताण देण्याचा क्रम ठरलेला. पण पाणी 24 अंशांचं हवं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं चटका देतं, आणि तापमान बदललं की ताणही बदलतो. प्रत्येक उंदरामागे पाणी बदल, लेंड्यांच्या वासाने पुढचा बिथरतो.

मग 7 दिवस पिंजऱ्याला हात लावू नकोस. घाई इथेच नडते: आघाताचा परिणाम मुरायच्या आतच मॉर्फिन सुरू होतं. ताणाने वजन घटतं, म्हणून डोस रोज वजन करूनच दे. ताण-सलाइन (ताण दिला, पण मॉर्फिनऐवजी नुसतं मिठाचं पाणी) आणि बिनताण-मॉर्फिन हे गट गाळलेस, तर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही.