पीएचडीसाठी बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंट घ्यावा, की हा फिक्स्ड पॉइंटचाच नवा अवतार आहे?

बराचसा अवतारच. फिक्स्ड पॉइंट म्हणजे मॅप ज्याला जागचा हलवत नाही तो बिंदू. मॅप एका संचातून दुसऱ्याच संचात नेत असेल (नॉन-सेल्फ), तर असा बिंदू नसूही शकतो; मग ज्याचं आपल्या प्रतिमेपासूनचं अंतर दोन संचांमधल्या किमान अंतराइतकंच असतं, तो बिंदू शोधायचा, तोच बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंट. बानाखचं प्रमेय म्हणतं की कम्प्लीट स्पेसमधल्या सेल्फ काँट्रॅक्शनला एकमेव फिक्स्ड पॉइंट असतो. "नॉन-सेल्फ मॅपवर बानाख चालत नाही, म्हणून आमचं प्रमेय नवं" हे ऐकून माझे कान किटलेत. पी-प्रॉपर्टी (ती काय, ते खाली सांगतो) गृहीत धरली की हा दावा तिथेच संपतो.

अ आणि ब हे कम्प्लीट मेट्रिक स्पेसमधले क्लोज्ड संच, ट हा अ मधून ब मध्ये जाणारा काँट्रॅक्शन, म्हणजे अंतरं १ पेक्षा लहान अशा ठराविक गुणकाने आकसवणारा मॅप. अ-शून्य म्हणजे अ मधले असे बिंदू, ज्यांना ब मध्ये नेमक्या किमान अंतरावर जोडीदार आहे, ब-शून्य तसाच. अ-शून्य रिकामा नाही आणि ट त्याला ब-शून्यात नेतो, ही नेहमीची गृहीतकं. शंकर राज यांची २०११ची पी-प्रॉपर्टी सांगते की किमान अंतरावरच्या कुठल्याही दोन जोड्या घ्या, अ कडच्या दोघांतलं अंतर आणि ब कडच्या दोघांतलं अंतर सारखंच. म्हणजे जोडीदार एकमेव, आणि ब-शून्यातल्या बिंदूला जोडीदाराकडे नेणारा ग हा आयसोमेट्री, म्हणजे अंतरं जशीच्या तशी ठेवणारा. अ-शून्य क्लोज्डही निघतो, कारण तिथली क्रमिका अभिसारी असली की जोडीदारांची क्रमिका आपोआप कॉशी होते (पुढची पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात). आता आधी ट, मग ग लावा. अ-शून्यावरचा साधा सेल्फ काँट्रॅक्शन मिळाला, गुणकही तोच. बानाखचं १९२२चं प्रमेय लावलं की काम झालं, कारण त्याचा फिक्स्ड पॉइंट हाच ट चा बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंट. अबकर आणि गाबेलेह यांनी २०१३मध्ये ही पळवाट उघड केली, तरी अटीत एखादं फंक्शन घुसवून "सामान्यीकरण" छापणं थांबलं नाही.

सायक्लिक काँट्रॅक्शनची गोष्ट वेगळी. तिथे ट अ ला ब मध्ये आणि ब ला अ मध्ये नेतो, आणि प्रतिमांमधलं अंतर मूळ अंतराच्या क पट अधिक किमान अंतराच्या (१ − क) पट एवढ्यातच राहतं; क हा ० आणि १ मधला गुणक. एल्ड्रेड आणि वीरमणी यांनी २००६मध्ये युनिफॉर्मली कॉन्व्हेक्स बानाख स्पेस आणि क्लोज्ड, कॉन्व्हेक्स संच घेऊन अ मध्ये एकमेव बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंट दिला. "युनिफॉर्मली कॉन्व्हेक्स" (थोडक्यात, एकक गोलाचा पृष्ठभाग कुठेच सपाट नाही, सगळीकडे एकसमान गोलाई) हे शब्द वाचून पुढे जाऊ नका, सगळा जीव त्यांच्यात आहे.

प्रतलात अ म्हणजे (०, य), ब म्हणजे (१, य), य ० ते १. ट पहिला निर्देशांक उलटवतो आणि य निम्मा करतो. युक्लिडियन अंतरात क = १/२ चालतो. (०, १) पासून निघालात तर लागोपाठच्या बिंदूंमधलं अंतर १.११८, १.०३१, १.००८ असं १ कडे जातं. शून्याकडे कधीच नाही! म्हणून पूर्ण क्रमिका कॉशी नसते. फक्त सम पदं (०, ०) कडे जातात.

त्याच संचांवर मॅक्स-नॉर्म लावा, म्हणजे निर्देशांकांच्या फरकांपैकी मोठा फरक हेच अंतर. आता अ मधला कुठलाही बिंदू ब मधल्या कुठल्याही बिंदूपासून नेमका १ अंतरावर. सायक्लिक अट कुठलाही मॅप फुकटात पाळतो, प्रत्येक बिंदू बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंट ठरतो आणि पी-प्रॉपर्टीही जाते. (०, य) ला (१, १ − य) कडे आणि (१, य) ला (०, य) कडे नेलं, तर य = १/२ सोडून सम पदं य आणि १ − य यांच्यात कायम झुलत राहतात.

हेही सांगायला हवं की रिलेटिव्हली नॉनएक्स्पान्सिव्ह मॅप (अ आणि ब मधल्या बिंदूंमधलं अंतर न वाढवणारे) आणि प्रॉक्सिमल नॉर्मल स्ट्रक्चर ही संचांच्या जोडीवरची भूमितीय अट (एल्ड्रेड, कर्क, वीरमणी, २००५) यांना माझी वरची टीका लागू नाही. तिथे भूमिती खरोखर वापरली जाते. विषय घ्यायचाच असेल तर त्या बाजूने घ्या. गाइडने पी-प्रॉपर्टीवाला प्रॉब्लेम पुढे केला तर आधी ग लावून बघा. आणि कोड लिहाल तेव्हा "लागोपाठची पदं जवळ आली की थांब" ही अट ठेवू नका, संच एकमेकांपासून दूर असतील तर लूप थांबणारच नाही; पदाचं त्याच्या प्रतिमेपासूनचं अंतर वजा किमान अंतर, हे तपासा.