शार्क शिकायला निघालेल्या मुलीला

प्रिय पोरी,

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत तुझा नंबर लागला, हे तुझ्या बाबांनी साकोलीच्या बाजारात गाठून सांगितलं. फार आनंद झाला. पण तुझ्या आजीची काळजीही त्यांनी सांगितली: "माणूस खाणाऱ्या मासोळीमागं काहून चालली जी हे पोरगी?" आजीचं बोलणं हसण्यावारी नेऊ नकोस. पुढे कितीतरी जण तुला हेच विचारणार आहेत.

आजीला आपल्या प्रयोगशाळेतल्या स्कॉलिओडॉन माशाबद्दल सांग. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला, हातभर लांबीचा, चपट्या नाकाचा. आठवतं ना, नाकाजवळ दाबलं की बारीक छिद्रांतून घट्ट, पारदर्शक द्रव यायचा? त्या छिद्रांनी शार्कला भक्ष्याच्या अंगातली क्षीण वीज कळते. हाही शार्कच, आणि याची मादी पोटात वारेवर पिल्लं वाढवून त्यांना जन्म देते. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. माणसाच्या जिवावर बेतलेले बहुतेक हल्ले त्यांतल्या तीन-चार जातींचे. जगभरात अशा, न डिवचता झालेल्या हल्ल्यांत वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात. माणूस मात्र वर्षाला आठ ते दहा कोटी शार्क मारतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तरीही "शार्क काहीच करत नाही" असं कधी म्हणू नकोस. धान कापताना बांधावर धामण निघाली की लोक काठी घेऊन धावतात. तेव्हा "साप काही करत नाही जी" म्हणणाऱ्यावर गाव विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच करतं. घोणस आणि मण्यारही याच बांधावर असतात. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली. गावाला धामण आणि घोणस यांतला फरक दाखवावा लागतो, हातात काठी असलेल्या माणसाशेजारी उभं राहून. सापाच्या भीतीला निदान आधार आहे. शार्कची भीती तर समुद्र न पाहिलेल्या आपल्या गावातही पडद्यावरून आली. १९७५ मध्ये आलेल्या 'जॉज' या शार्कवरच्या सिनेमाची मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे शार्क वाचवायच्या कामाला लागले, हे मला मोठं वाटतं.

शार्क इतक्या झपाट्याने का घटतात, हे तुझ्या बाबांना चटकन कळेल. तलावातली रोहू किलोमागे लाखावर अंडी घालते, म्हणून एखादं वर्ष वाईट गेलं तरी तलाव सावरतो. मोठ्या पांढऱ्या शार्कची मादी तिशीच्या आसपास वयात येते आणि एका वेळी मोजकीच पिल्लं देते. असा मासा रोहूच्या हिशेबाने पकडला तर उरणार कसा? १९७० पासून पुढच्या जेमतेम पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातले शार्क आणि त्यांचे चपटे नातलग पाकट ७१ टक्क्यांनी घटले.

तिकडे गेल्यावर कोळ्यांना गुन्हेगार समजू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. तू स्वतः तलावात मासे धरणाऱ्या ढिवराची लेक आहेस. आपल्याकडे शार्क बहुतेक वेळा दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात येतो. कोळी त्याला मुशी म्हणतात, सुकवून ठेवतात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून खाऊ घालतात. शार्कचे पर, म्हणजे पोहायचे पंख, कापून धड समुद्रात फेकायचं, ही क्रूरता वेगळी. पर धडालाच ठेवून आणायचा नियम आपल्याकडे २०१३ मध्ये आला आणि २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली.

गुजरातचं उदाहरण नीट अभ्यास. तिथे व्हेल शार्कची तेलासाठी आणि मांसासाठी शिकार चालायची. २००१ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळालं, पण किनाऱ्यावरचं मन वळलं ते पुढे, रामकथाकार मोरारी बापूंनी ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे असं सांगितल्यावर. जाळी कापून मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क सोडले. कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखातं देऊ लागलं, हेही तितकंच महत्त्वाचं. ज्याचं जाळं जातं त्याच्या पोटाचा विचार आधी करायचा, मग उपदेश.

पहिल्याच आठवड्यात पहाटे मुंबईच्या मासळी बंदरावर, ससून डॉकला जा. मापपट्टी प्लास्टिकची घे, वही पेन्सिलीने लिही, शाई ओलीत पसरते. मासा विकणाऱ्या बाईचा वेळ लिलाव चालू असताना घेऊ नकोस, संपल्यावर विचार. गाभण मादी दिसली तर पिल्लं किती आणि केवढी, दोन्ही लिहून घे, आणि ती कुठल्या जाळ्यात आली तेही विचार.

तुझा,
सर