रेडिओ बदलायच्या आधी त्यालाच विचारा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिरोळ तालुक्यात गावच्या पाणी योजनेवर पंप ऑपरेटर आहे. टाकीची पातळी दीड किलोमीटरवरच्या जॅकवेलला (पाणी उपसायच्या विहिरीला) ८६५ मेगाहर्ट्झच्या एक्सबी (XBee) रेडिओवरून येते. उन्हाळ्यात चोख चालतं. ऑगस्टात मात्र आकडा मध्येच अडकतो आणि टाकी भरून वाहते. लॅपटॉपवरच्या पुट्टी (PuTTY) प्रोग्राममध्ये, रेडिओला आज्ञा द्यायला, +++ दाबलं की कधी ओके येतं, कधी नाही. एटीडीबीला (आलेल्या सिग्नलची ताकद विचारणाऱ्या आज्ञेला) एप्रिलमध्ये दोन्ही टोकांना ४ई आलं होतं, आता दोन्हीकडे ५एफ. अँटेना टाकीवर १२ मीटरवर, जॅकवेलच्या छपरावर ४ मीटरवर. मध्ये सगळा ऊस. रेडिओ गेला का?

उत्तर : दादा, एप्रिलचा आकडा टिपून ठेवलात, फार बरं केलंत. नाहीतर तुम्हाला कुणीही नवीन रेडिओ विकला असता.

आधी ओकेचं. +++ च्या अगोदर आणि नंतर १ सेकंद पूर्ण शांतता लागते. +++ नंतर एंटर दाबायचं नाही, आणि पीएलसीची (पंपाच्या कंट्रोलरची) केबल काढून ठेवायची. ओके आल्यावर १० सेकंद काही टाइप केलं नाही तर रेडिओ कमांड मोडमधून बाहेर पडतो. मग तुमची आज्ञा पलीकडच्या टोकाला साधा डेटा म्हणून जाते आणि तुम्ही उत्तराची वाट बघत बसता.

आता ५एफ. हा सोळाच्या पायाचा आकडा आहे. ४ई म्हणजे ७८, ५एफ म्हणजे ९५, आणि दोन्ही उणे, म्हणजे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. १७ डीबी (डेसिबल) घट म्हणजे पोहोचणारी ताकद पन्नासाव्या हिश्श्यावर आली. −१०० च्या आसपास या रेडिओला ऐकूच येईनासं होतं.

पण घट दोन्ही टोकांना सारखी आहे, आणि खरी गोम इथेच आहे. ज्या टोकाला आकडा कमी तिथेच बिघाड, असं धरून चालणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत. वाटेतला अडथळा, पाणी शिरलेला कनेक्टर, खराब केबल, यातलं काहीही कुठल्याही टोकाला असलं तरी दोन्ही आकडे सारखेच पडतात. एकच पडला असता तर समोरच्या टोकाच्या ट्रान्समीटरवर संशय घेतला असता. आणि डीबी चांगला असून एटीईआर, म्हणजे चुकीच्या पॅकेटांची मोजणी, वाढत असती तर बाहेरचा गोंगाट शोधला असता.

तेव्हा रेडिओ ठीक आहेत. दोन्हीकडचे कनेक्टर उघडून हिरवा गंज बघा, पुसा, परत लावून रबर टेप गुंडाळा. तरीही ५एफच आलं तर दोषी ऊस. ८६५ मेगाहर्ट्झला दीड किलोमीटरच्या मध्यावर दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेखाली साधारण ७ मीटर मोकळी जागा हवी. तुमची रेषा तिथे ८ मीटरवर आहे. एप्रिलमध्ये भागत होतं. आता ३ मीटरचा ओला ऊस उभा राहिला की उरतात ५.

जॅकवेलला ६ मीटरचा जीआय पाईप उभा करा. रेडिओ पेटीत घालून पाईपवरच बसवा, कारण साध्या आरजी-५८ केबलमध्ये ६ मीटरला तीनेक डीबी जातात. पाईपला अर्थिंग मात्र आधी, अँटेना नंतर. उंच पाईपवर वीज पडू शकते. मग दोन्ही टोकांचा एटीडीबी त्याच वहीत, एप्रिलच्या आकड्याखाली लिहा.