नेदरलँड्सला नुकतेच आलोय, गाडी नाही. मार्च ते मे दोघांनी कुठे फिरावं?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर जानेवारीत उट्रेख्टला आलात, नवऱ्याची नोकरी सुरू आहे, तुमची अजून नाही, आणि मेपर्यंत पॅरिस आणि स्वित्झर्लंड उरकून घ्यावं का असा घरात वाद चाललाय. माझं मत विचाराल तर उरकू नका. पॅरिस कुठे पळून जात नाही. स्वित्झर्लंडला एप्रिल-मेमध्ये गेलात तर वरच्या पायवाटांवर बर्फ असतो आणि बऱ्याच केबल कार नेमक्या त्याच सुमारास देखभालीसाठी बंद ठेवतात. ते जूननंतरसाठी ठेवा. इथला बहर मात्र काही आठवड्यांचा, आणि त्यातलेही बरेच शनिवार-रविवार पावसात जातात.

आम्ही अॅम्स्टेलवेनला राहतो. मीही नवऱ्याच्या नोकरीमुळेच इथे आले, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात घरात बसून काय होतं ते मला सांगायला नको. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि एकदम संध्याकाळ सापडते. एप्रिलच्या मध्यात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्यात साडेनऊला. म्हणजे ऑफिस सुटल्यावरही दोन-तीन तास उजेड हातात. आमची निम्मी भटकंती अशी आठवड्याच्या मधल्या दिवसांचीच असते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त लक्षात राहते.

सुरुवात चेरीपासून करा. आमच्या इथल्या अॅम्स्टरडॅमसे बॉस या वनउद्यानात चेरीची चारशे झाडं आहेत, २००० साली जपानी महिला मंडळाने भेट दिलेली. प्रत्येक झाडाला बाईचं नाव आहे, दोनशे जपानी आणि दोनशे डच. बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, थंडीवर अवलंबून. पाडव्याच्या आसपास गेलात तर आपल्याकडच्या बायका पैठणी नेसून, वर जाकीट चढवून फोटो काढताना दिसतील. जाकीट फक्त फोटोपुरतं उतरतं.

आता ट्यूलिप. तिथे तुम्ही जाणारच, पण क्युकेनहॉफ आणि ट्यूलिपची शेतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्युकेनहॉफ ही लिस्से गावातली बाग. ३२ हेक्टर, दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात, १९५० पासून लोकांसाठी खुली. मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचं, माणशी २० युरोच्या आसपास. लायडन, हारलेम आणि स्किपोल विमानतळावरून थेट बस आहेत. एकदा बघाच. फक्त शनिवारी सकाळी अकराला जाऊ नका, कारण त्याच वेळी सगळ्या टूर बस येतात. मधल्या वारी दुपारी चारनंतर जा. बाग साडेसातपर्यंत उघडी असते आणि पाचनंतर चक्क रिकामी वाटायला लागते.

शेतं मात्र बागेबाहेर, लायडन ते हारलेमच्या पट्ट्यात, आणि ती बघायला तिकीट लागत नाही. तिथे शेतकऱ्याला फूल नको असतं, कंद हवा असतो. फुलं उमलली की तो ओळीओळीतून फिरून रोगट आणि भलत्याच रंगाची रोपं उपटतो, आणि तपासणी झाली की यंत्र फिरवून सगळ्या फुलांची मुंडकी छाटतो, म्हणजे जोर कंदात उतरतो. गुरुवारी लालभडक दिसलेलं शेत सोमवारी हिरवंगार असू शकतं. पहिल्यांदा आम्ही ते छाटणीचं यंत्र चालताना पाहिलं तेव्हा बांधावर उभे असलेले सगळे पर्यटक हळहळत होते. पिवळीधमक फुलं वाफ्यांमधल्या चरात पडत होती, नुसता खच, आणि ट्रॅक्टरवरचा माणूस मागे वळूनही बघत नव्हता. त्याचं पीक अजून जमिनीखालीच होतं. ते काढणार जून-जुलैत.

म्हणूनच फोटोसाठी चर ओलांडून शेतात शिरू नका. बुटांबरोबर रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो आणि तुडवलेल्या रोपाचा कंद नीट पोसत नाही. अलीकडे बऱ्याच ठिकाणी दोर आणि पाट्या लावल्यात. तरी शिरणारे शिरतातच, आणि त्यांत आपली मंडळी दिसली की मान खाली घालावीशी वाटते.

क्रमही लक्षात ठेवा: आधी डॅफोडिल, मग हायसिंथ, मग ट्यूलिप. ट्यूलिपचा भर बहुतेक वर्षी एप्रिलचा दुसरा पंधरवडा. हायसिंथच्या दिवसांत सायकलवर असाल तर शेत दिसायच्या आधी वास येतो.

सायकल हवीच. जुनी घ्या, कुलूप चांगलं घ्या. वारा इथे बहुधा नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून लायडनहून निघून हारलेमला पोचा, उलटं नको. पाठीशी वारा असला की हाच रस्ता अर्धा वाटतो. रस्ता चुकायची भीती नाही. सायकलवाटांच्या जोडांना नंबर दिलेले असतात आणि प्रत्येक जोडावर पुढच्या नंबरांचे बाण. घरून निघताना नंबर एका कागदावर लिहायचे आणि हँडलला चिकटवायचे. माझा नवरा मोबाइलचा नकाशा बघत सारखा थांबतो, मी कागद बघत पुढे जाते. भाड्याची स्टेशनवरची निळी-पिवळी सायकल घेतलीत तर ती घेतली त्याच स्टेशनला परत करावी, नाहीतर जादा पैसे लागतात. स्वतःची ट्रेनमध्ये न्यायची तर तिचं वेगळं तिकीट असतं आणि ऑफिसच्या वेळांत नेता येत नाही.

ट्रेनचं सांगायचं तर ४० टक्के सवलतीचं मासिक सदस्यत्व एकाने तरी घ्याच. गर्दीच्या वेळा सोडून आणि शनिवार-रविवारी दिवसभर ते चालतं, आणि एकत्र प्रवास असेल तर सोबतच्या माणसालाही तीच सवलत मिळते, त्याचं तिकीट फक्त आधी काढावं लागतं. ही गोष्ट कित्येक जोडप्यांना दोन-दोन वर्षं माहीत नसते.

तुम्ही उट्रेख्टला आहात म्हणजे बेटूवे हा फळबागांचा भाग तुमच्या दारात. ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत गेल्डरमाल्सन, तिथून लिंगे नदीच्या बांधावरून सायकल. सफरचंद, पेअर, चेरीच्या बागाच बागा, एप्रिलमध्ये पांढऱ्या-गुलाबी. ट्यूलिपच्या मानाने गर्दी फारच कमी. डबा न्या.

परदेशच हवा असेल तर बेल्जियमचं हालरबॉस. ब्रसेल्सच्या दक्षिणेला हाले गावाजवळचं जंगल. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तिथली झाडं तोडून नेली, १९३० ते १९५० च्या दरम्यान पुन्हा लावली. एप्रिलच्या उत्तरार्धात बीचच्या झाडांखाली ब्लूबेलच्या फुलांनी सगळी जमीन निळी-जांभळी होते. बीचची पानं दाट झाली की खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे ही फुलं त्याआधीच घाईने फुलून घेतात. म्हणजे पुन्हा थोडेच दिवस. निघण्याआधी बहर कुठवर आलाय ते जंगलाच्या वेबसाइटवर बघून घ्या. पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा, सीमेवर अडवत नसले तरी. इथल्या कार्डावर शेंगेनमधल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. लंडन त्यात येत नाही, त्याला वेगळा व्हिसा.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस. (२७ ला रविवार आला तर २६ ला.) लोक अॅम्स्टरडॅमला पळतात, तुम्ही पळू नका. उट्रेख्टमध्ये आदल्या संध्याकाळपासूनच रस्त्यावर जुना बाजार भरतो आणि रात्रभर चालतो. नव्या घराला लागणारी कपबशी, दिवा, खुर्ची सगळं तिथे मिळेल. दुपारनंतर विकणाऱ्यांना सामान घरी न्यायचा कंटाळा येतो, तेव्हा भाव करा. ४ मेला रात्री आठ वाजता दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या मृतांसाठी दोन मिनिटं सगळा देश थांबतो. सायकलवर असाल तर उतरून उभे राहा.

एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा शाळांना सुट्टी असते, हॉटेलं महाग होतात. लांबची सहल काढायचीच तर हेमेलफार्टचा (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीचा) गुरुवार बघा, शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मिळतात. पण ते प्रत्येक डच माणसाला माहीत आहे, तेव्हा बुकिंग फेब्रुवारीतच करा. टेसल बेटाला जायचं असेल तरी हेच. डेन हेल्डरहून बोट २० मिनिटांची, आणि एप्रिलमध्ये सगळ्या कुरणांत कोकरं.

कपडे थरांचेच घाला, छत्री घरी ठेवा (वाऱ्यात उलटी होते), रेनकोटची पँटही घ्या आणि बाहेर पडण्याआधी बाउनराडार हे पावसाचा अंदाज सांगणारं अॅप बघा. आणि एप्रिलमध्ये डोळे चुरचुरायला, नाक गळायला लागलं तर सर्दी समजून आल्याचा काढा पीत बसू नका. बहुधा बर्चचे परागकण असतात. कित्येकांना आल्या-आल्या नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होतं. सेटिरिझिन इथे औषधांच्या साध्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते.