बाग गेली, आता उपकार कशाचे मानू?

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मावशी, आमची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग होती. माल उतरायला पंधरा दिवस राहिले होते, व्यापारी बाग बघून भाव ठरवून गेला होता, आणि गारपीट झाली. बांधापलीकडची चुलत दिरांची बाग वाचली. रविवारी उपासनेत त्यांनी साक्ष दिली, 'आम्ही दशमांश कधी चुकवला नाही, प्रभूने आमचं राखलं.' आमचा दशमांश, म्हणजे उत्पन्नातला मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा, दोन वर्षं राहिलाय, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. आता कापणीचा सण आलाय. सासूबाई म्हणतात, बाजारातून दोन कॅरेट द्राक्षं आणून वेदीपुढे ठेवू, रिकाम्या हाताने गेलो तर लोक काय म्हणतील. मला रोज हबक्कूक संदेष्ट्याचं वचन ऐकवतात, द्राक्षीला फळ न आलं तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणून. मला आनंद होत नाही, राग येतो. गारपिटीपासून मी प्रार्थना केलेली नाही. ग्रुपवर सकाळी वचन आलं की 'आमेन' टाकते आणि खोटं बोलल्यासारखं वाटतं. यजमान कुणाशी बोलत नाहीत, रात्री उठून बागेत जाऊन बसतात. माझा विश्वास संपला का?"

मुली, विश्वासाचं बोलूच. पण आधी तुझ्या यजमानांचं. जो माणूस बोलत नाही, झोपत नाही आणि रात्री मोडलेल्या बागेत जाऊन बसतो, त्याला एकटं ठेवायचं नाही. फवारणीची औषधं शेडमध्ये किंवा घरात असतील तर आजच कुलपात घाल आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. आणि त्यांना सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, उलट आत कोंडलेलं बाहेर पडतं. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416 हा तिचा नंबर. दिवसरात्र चालते, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ते तयार नसतील तर तू फोन कर. जीव द्यावासा वाटतो असं म्हणाले तर सकाळची वाट बघू नकोस, घरातलं कुणी सोबत घेऊन त्यांना दवाखान्यात ने. डॉक्टर गाठणं म्हणजे प्रार्थनेत कमी पडणं नव्हे, हे सासूबाईंनाही सांग.

आता ती साक्ष. तुझ्या दिरांची बाग वाचली, त्यांनी आभार मानले, बरं झालं. पण त्यांनी जे कारण जोडलं ते येशूच्या शिकवणीत बसत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून अधिक अपराधी होती असं तुम्हांला वाटतं का, असं येशूने लोकांना विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, नाही. आपला पिता चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच पाऊस पाडतो हेही त्याचंच बोलणं. मग गारा कुणाच्या वहीत दशमांश जमा आहे ते बघून पडल्या असं मी कसं मानू? मला हे फार लागतं, कारण उपासनेत उभं राहून बोललेलं असं एक वाक्य शेजारच्या बाकावरच्या बाईला महिनोन्महिने टोचत राहतं. तुझ्या पावतीवर दोन वर्षं कोरी असतील, ती सवडीने भरशील. त्याची शिक्षा म्हणून तुझी बाग गेली नाही. आणि ती भरलीस म्हणून पुढच्या वर्षी बाग हमखास वाचेल असंही नाही. देवाची कृपा कुणी विकत घेतलेली नाही, तुझ्या दिरांनीही नाही.

सासूबाई हबक्कूक ऐकवतात तर त्यांच्याबरोबर बसून तो सगळा वाच. तीनच अध्याय आहेत, अर्ध्या तासाचं काम. द्राक्षवेलीचं वचन अगदी शेवटी येतं. सुरुवात कशाने होते? परमेश्वरा, मी किती काळ ओरडू, तू ऐकत नाहीस, अशा तक्रारीने. देवाचा संदेष्टा देवाशी भांडतो आणि देव त्याला दूर लोटत नाही. दुसऱ्या अध्यायात तो बुरुजावर पहारा देत उभा राहतो, देव आपल्या गाऱ्हाण्याला काय उत्तर देतो ते बघायला. तिसऱ्यातही ते प्रसिद्ध वचन येण्याआधी तो सांगतो की माझं शरीर कापतंय, ओठ थरथरतायत. बरं, संकट टळलं असंही नाही. खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांची स्वारी यायची ती येणारच होती. एवढं सगळं झाल्यावर त्याच्या तोंडून "तरी मी आनंद करीन" निघतं. तू आज पहिल्या अध्यायात आहेस. तोही पवित्र शास्त्रातच आहे. तिथून तुला ओढून तिसऱ्यात नेण्याची घाई कुणी करू नये, सासूबाईंनी नाही आणि मीही नाही.

त्या शेवटच्या वचनाकडे आणखी एकदा बघ. अंजीर फुलला नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतून बुडाला, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर उभे राहून पंचनामा लिहितात, तसं त्याने एकेक नुकसान नोंदवलं आहे. काही झाकलं नाही, कमी करून सांगितलं नाही. तुझी प्रार्थना अडली आहे ना? मग इथून सुरू कर. रात्री मुलं झोपली की देवापुढे पंचनामा कर. दोन एकर गेली. सोसायटीचं एवढं कर्ज आहे. औषधांच्या दुकानाची एवढी उधारी आहे. यजमान बोलत नाहीत. दिरांचा राग येतो. देवा, तुझाही राग येतो. एवढंच बोल आणि झोप. त्याच्या मागे आभाराचं शेपूट जोडलंच पाहिजे असं नाही. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तेही शेकडो वर्षं मंडळीत वाचलं जातंय. शब्द सुचले नाहीत तर नुसती बसून राहा. आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो.

पौलाचं स्वतःचंही असंच झालं होतं. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा प्रभूची विनवणी केली. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे," एवढं उत्तर मिळालं. हे उत्तर गोड आहे असं मी तुला सांगणार नाही. काटा तसाच ठेवून दिलेलं उत्तर आहे ते. पण ते नाराज होऊन पाठ फिरवलेल्या देवाचं नाही. तो पौलाशी बोलतो आहे, त्याच्याजवळ आहे. तू महिनाभर गप्प आहेस म्हणून तोही तुझ्याशी अबोला धरून बसलाय, असं समजू नकोस.

आपल्या जवळच्याच जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. 1895 साली नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मधल्या वर्षांतलं रडणं आणि संताप त्यांनी आत्मचरित्रात लपवला नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बायकांना त्या आपल्या वाटतात त्याचं हेही एक कारण आहे, असं मी मानते. विश्वास संपलेल्या माणसाला देवाचा रागसुद्धा येत नाही ग. तुला येतो, कारण तुझ्या लेखी तो अजून आहे आणि त्याच्याकडून तुझी अपेक्षा आहे.

ग्रुपवरचं "आमेन" काही दिवस टाकू नकोस. कुणी विचारलं तर "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हण, ते खरं असेल. उपकाराचं मन जबरदस्तीने येत नाही. पण एखाद्या दिवशी शेजारीण भाकरी घेऊन येईल, लेकीला हसू फुटेल, यजमान दोन शब्द बोलतील. त्या वेळी "देवा, हे बरं झालं" असं आपसूक आलं तर येऊ दे. तेवढं त्या दिवसाला पुरे. गारपिटीचे आभार मानायला मी तुला सांगणार नाही.

राहिली दोन कॅरेट. आणू नका. सासूबाईंवर चिडू नकोस, त्यांना घराची अब्रू राखायची आहे, आणि बागेत त्यांचीही उमर गेली आहे. पण दुसऱ्याच्या बागेची द्राक्षं आपली म्हणून वेदीपुढे ठेवणं बरोबर नाही, हे तुला कळलंय आणि तुझं बरोबर आहे. दान दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये आणि ते माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होतं, नसलेल्यावरून नाही, असं पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो. बांधावरच्या शेवग्याच्या चार शेंगा असतील, कोंबडीची अंडी असतील, मेथीची जुडी असेल, ती ने. काही नसेल तर तशीच जा. आधी पाळकसाहेबांना भेटून घरची खरी परिस्थिती सांग. वेदीपुढे ठेवलेल्या मालाच्या लिलावाच्या वेळी थांबणं जड जाईल असं वाटलं तर उपासना झाल्यावर यजमानांना घेऊन सरळ घरी ये. पाळकसाहेबांना संध्याकाळी घरी यायला सांग, आणि त्यांनी तुझ्या यजमानांशी साक्षीचं, दशमांशाचं काही न काढता नुसतं बसून बोलावं, एवढं त्यांच्याकडून आधीच कबूल करून घे.