८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर क्रोमियम किंवा फायरफॉक्सच्या कोडमध्ये योगदान देता येईल का?

येईल, पण क्रोमियमपासून (क्रोम ब्राउझर ज्यावर बेतला आहे तो खुला कोड) सुरुवात करू नका. त्यांच्याच सूचनांत १०० जीबी मोकळी जागा मागितली आहे आणि रॅम १६ जीबीच्या वर असलेली बरी असे म्हटले आहे. तुमच्या लॅपटॉपवर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता ब्राउझर तयार, होईपर्यंत भाकरी भाजून होतील.

फायरफॉक्समध्ये सोय आहे, आर्टिफॅक्ट बिल्डची. सी प्लस प्लस आणि रस्टचा भाग आधीच कंपाइल केलेला मिळतो, तो नुसता उतरवायचा; आपण जावास्क्रिप्ट आणि सीएसएसला हात लावायचा. 'माक बूटस्ट्रॅप' (./mach bootstrap) ही तयारीची कमांड चालवल्यावर विचारतात, तेव्हा आर्टिफॅक्ट मोड निवडा. जुन्या लेखांतल्या मर्क्युरियलच्या (कोडातले बदल सांभाळणारे जुने साधन) कमांड सोडून द्या, २०२५ पासून सगळे गिट ह्या दुसऱ्या साधनावर आहे.

माझा जीव खाल्ला तो क्लोनने, म्हणजे सगळा कोड आपल्या लॅपटॉपवर उतरवण्याने. मी गोव्यातल्या डिचोलीचा. पाऊस लागला की वीज जाणार, आणि अर्ध्यावर तुटलेला गिट क्लोन पुढे चालू होत नाही, परत शून्यापासून. तीनदा तसे झाल्यावर पर्वरीला मित्राकडे रात्र काढली आणि कोड हार्डडिस्कवर घालून सकाळच्या बसने घरी आणला.

बगझिलावर (फायरफॉक्सच्या बगांची नोंद ठेवणारी साइट) बग शोधताना 'गुड फर्स्ट बग' हा शब्द लावा, नवख्यांसाठीचे सोपे बग मिळतात. "मला द्याल का?" विचारत बसू नका, पॅच (आपण केलेला कोडातला बदल) पाठवला की बग आपोआप तुमच्या नावावर होतो. एवढ्या कोडात जागा कशी सापडते? बटणावरचा मजकूर सर्चफॉक्समध्ये, म्हणजे फायरफॉक्सचा कोड शोधायच्या साइटवर, टाका. तो एफटीएल फाइलमध्ये (पडद्यावरचा मजकूर ठेवायची फाइल) सापडेल, शेजारी त्याचा आयडी असेल. मग तो आयडी शोधा, की थेट त्या बटणाच्या कोडपाशी पोचता.

माझा पहिला पॅच एका ओळीचा होता: 'मार्जिन-लेफ्ट' आठ पिक्सेल, म्हणजे डावीकडे थोडी मोकळी जागा. रात्री पाठवला, आणि सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत आला तोवर कोड तपासणाऱ्याचा रिव्ह्यू हजर: 'मार्जिन-इनलाइन-स्टार्ट' लिही, कारण अरबी आणि हिब्रूत खिडकी उजवीकडून सुरू होते आणि तुझी मोकळी जागा भलत्याच बाजूला पडेल. मराठी माणूस, डावीकडून उजवीकडे वाचणारा. माझ्या डोक्यात आलेच नव्हते. मग कमिट मेसेजवरून (बदलासोबत लिहायची ओळ) अजून दोन फेऱ्या झाल्या. एका ओळीला तीन फेऱ्या, ह्यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्या पॅचला मात्र उत्तरच येईना. अशा वेळी बगझिलावर मेंटॉरच्या (त्या बगवर मदत करणाऱ्याच्या) नावाने 'नीडइन्फो', म्हणजे उत्तर मागणारी खूण, लावायचा, कोणी त्याला आगाऊपणा म्हणत नाही. मी लाजून तीन आठवडे गप्प बसलो होतो.