फ्रेममधली सिस्टर

प्रिय पोरी,

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा घेताना वाचला. नाइट ड्युटीत घाईघाईने टाइप केलेला दिसतो, अर्धी वाक्यं तुटलेली. पण मुद्दा समजला. तालुक्याच्या गावातल्या एका प्रसूतिगृहाला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पात्र सिस्टर दाखवायची आहे. तुझं प्रमाणपत्र फाइलला लागणार, तुझ्या नावाने नेमणुकीचं पत्र निघणार, महिन्याला चार हजार तुला पोचणार. शहरातली नोकरी सोडायची नाही, तिकडे पाऊल टाकायचीही गरज नाही. "सगळेच करतात, यात नुकसान कुणाचं?" असं तू विचारलंस, आणि शेवटी "पण झोप लागत नाहीये" असंही लिहिलंस.

झोप लागत नाही हे ठीकच आहे. मला त्या वयात लागायची, तेच चुकलं. त्याचं पुढे सांगते.

डॉक्टर भले आहेत, हे तू तीनदा लिहिलंस. असतील. मीही भल्या डॉक्टरांच्या हाताखालीच काम केलंय. पण त्यांना तुझाच कागद का हवा, हे कधी विचारलंस का? आपल्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे. त्यात प्रसूतिगृहाला वेगळी अट आहे: पात्र मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेली सिस्टर, नेमलेली पाहिजे. डॉक्टर कितीही मोठे असोत, ती अट उरतेच. कारण कायदा लिहिणाऱ्यांना एवढं ठाऊक होतं की बाळंतपण चार-सहा तासांचं, कधी रात्रभराचं काम, आणि त्यातला बहुतेक वेळ टेबलापाशी डॉक्टर नसतात. सिस्टर असते. तिची नजर, तिचा हात पोटावर, तिचं घड्याळ. त्या जागेवर तू भिंतीवरची फ्रेम होऊन लटकणार आहेस.

मग टेबलापाशी कोण असेल? तुला माहीत आहे. बारावी झालेली, सहा महिने कुठल्याशा कोर्सला बसलेली एखादी मुलगी. पांढरा कोट घालून 'सिस्टर' म्हणवून घेणारी. तिची चूक नाही, घरची गरज तिलाही आहे. रात्री डॉक्टर फोनवर सांगतील, "ड्रिपमध्ये पिटोसिन टाक, मी आलोच." ती ते कळा वाढवणारं औषध टाकेल. तू आणि मी शिकलो ते तिला कुणी शिकवलेलं नाही. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात मांडीत दहा युनिट देणं हे आपलं काम, त्याने बाळंतिणी वाचतात. तेच औषध बाळ पोटात असताना ड्रिपमधून सोडलं तर शेजारी बसून कळ मोजावी लागते, दोन कळांमध्ये गर्भपिशवी सैल होते का हे तळहाताने बघावं लागतं, दर थोड्या वेळाने बाळाचे ठोके ऐकावे लागतात. नाही बघितलं तर पिशवी फाटते. आणि त्या रात्री ड्युटीवर कोण होतं, असं कुणी विचारलं की फाइल उघडतील. फाइलमध्ये तू.

म्हणून एकच सांगते, आणि हे पत्र संपेपर्यंत तेच तेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी: जिथे तू उभी नव्हतीस तिथे तुझी सही नको.

तू म्हणशील, ही नुसती झेरॉक्स आहे, सही कुठे आहे? अगं, प्रमाणपत्र हीच तुझी सही. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत तुझं नाव चढलं, तेव्हा राज्याने लोकांना सांगितलं की ह्या बाईच्या हाती बाळंतीण द्यायला हरकत नाही. आरएन आणि आरएम, नर्स आणि मिडवाइफ, दोन्ही. बाकीच्या बऱ्याच देशांत ह्या दोन वाटा वेगळ्या असतात, आपल्याकडे एकाच कागदावर दोन्ही मिळतात, त्यामुळे दुसऱ्या अक्षराची किंमत आपल्याला वाटत नाही. दिल्लीतल्या १९४७ च्या नर्सिंग कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा मंजूर झाला, त्याच्या तर नावातच 'मिडवाइफरी' आहे आणि आचार व नोंदणी पाहायला त्यात स्वतंत्र मंडळ आहे. नोंदवहीत चढलेलं नाव खोडताही येतं. कौन्सिलच्या चष्म्यातून मी बघत नाहीये, पण प्रमाणपत्र भाड्याने देणं म्हणजे नक्की काय हे समजायला वकील लागत नाही.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला जास्त लागलं. "तसंही माझ्या केसबुकातली वीस बाळंतपणं कुठे माझी होती?" असं तू सहज लिहून गेलीस. एका टेबलाभोवती सात मुली, हातमोजे दोघींना, बाकीच्यांनी मागून मान वर करून बघायचं आणि वहीत 'कंडक्टेड', म्हणजे स्वतः केलं, असं लिहायचं. मला ठाऊक आहे. किती खरी होती? नऊ? अकरा? त्याचा बोभाटा करायला मी सांगत नाही. पण जेवढी कमी पडली तेवढी आता भरून काढ. सरकारी लेबर रूममध्ये ज्या मोठ्या सिस्टर आहेत त्यांच्या मागे लाग, सुट्टीच्या दिवशी जा, पेरिनियम, योनीमार्गाखालचा भाग, कसा सांभाळायचा ते त्यांच्या हाताखाली शिक. कॉलेजने तुझ्याकडून खोटं लिहून घेतलं म्हणून आता आयुष्यभर खोटंच चालेल, हा हिशेब मला पटत नाही. एकदा सवय लागली की ती वहीतून दैनंदिनीत येते, दैनंदिनीतून चौकशीत. कसं, ते ऐक.

मी आरोग्य सहायिका झाले तेव्हा माझ्याकडे सहा उपकेंद्रं होती. एका एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरने, पाच हजार लोक बघायचे, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजार, आणि सहा एएनएमवर एक एलएचव्ही, म्हणजे माझ्यासारखी आरोग्य सहायिका. कागदावर सुबक दिसतं. सहांपैकी दोन घाटाखाली. पावसाळ्यात ओढा भरला की एसटी वरच्या फाट्यावरूनच परत फिरायची. प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप होती, डिझेल नसायचं. घरी दोन मुलं, धाकटा दोन वर्षांचा. महिनाअखेर संभाव्य फिरती कार्यक्रम एकीकडे आणि दैनंदिनी दुसरीकडे ठेवून आम्ही सगळ्या एकाच टेबलावर बसायचो आणि जुळवायचो. जिथे गेलो नाही तिथेही 'भेट दिली'. कुणाला त्यात काही वाटत नसे. साहेबच सांगायचे, "मॅडम, डायरी पूर्ण करा."

जुलै महिना होता. १७ तारखेला मी लिहिलं: "उपकेंद्र भेट. औषधसाठा तपासला. कामकाज समाधानकारक." १७ तारखेला मी घरी पोराला मांडीवर घेऊन बसले होते, त्याला गोवर आला होता. आठ-दहा दिवसांनी त्या उपकेंद्रात एक बाई बाळंत झाली. वार पडली, आणि रक्त थांबेना. एएनएमने रक्त थांबवणाऱ्या मेथर्जिनचा डबा उघडला, चारही ॲम्प्युल तारीख उलटलेल्या. तिने तरी दिलं, पोट चोळलं, हाताने दाबून धरलं, चार माणसांच्या खांद्यावर डोलीतून ओढा ओलांडला. जिल्ह्याला पोचेपर्यंत बाई गेली.

चौकशी झाली. माझी दैनंदिनी टेबलावर आली. साहेबांनी मोठ्याने वाचलं, औषधसाठा तपासला, समाधानकारक. मग त्यांनी एएनएमकडे बघितलं. १७ तारखेला साठा बरोबर होता, म्हणजे पुढचा घोळ तुमचा. मुदतीतलं औषध कुठे गेलं? ती काही बोलली नाही. मी आले नव्हते हे तिला माहीत होतं. भेट रजिस्टरवर माझ्यासाठी जागा सोडून तिनेच नंतर सही घेतली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बघितलं. मीही खाली बघितलं.

तिची वेतनवाढ रोखली, बदली झाली. मला काही झालं नाही.

मी गेले असते तर काय केलं असतं? डबा उघडून तारीख वाचली असती. दोन मिनिटांचं काम. पर्यवेक्षण पर्यवेक्षण म्हणतात ते एवढंच असतं, पोरी, डबा उघडून तारीख वाचणं. मला इतकी वर्षं वाटायचं की खोटी भेट म्हणजे रिकामी ओळ, कुणाला लागत नाही. ती रिकामी नव्हती. एका बाईविरुद्ध तिने साक्ष दिली, आणि दुसरी बाई तर साक्षीलाही उरली नव्हती.

आणि हो, गोवर खरा होता, ओढा खरा होता, डिझेल नव्हतं हेही खरं. अजूनही मी हे सगळं स्वतःला सांगते, बघ, तुलाही सांगितलंच.

ऑगस्टपासून मी लिहायला लागले, "भेट झाली नाही. ओढ्याला पाणी, वाहन नाही." साहेब म्हणाले, असं लिहितात का? म्हटलं, झालं तसंच लिहिते. प्रवासभत्ता कापला. मेमो आले. माझ्यापेक्षा ज्युनियर बाई वर गेली. 'हट्टी मॅडम' म्हणायला लागले, आणि कार्यालयात ते कौतुकाने म्हणत नसत. आता तुला वाटेल, त्या नोंदींमुळे शेवटी जीप मिळाली असेल. नाही मिळाली. मी रेनकोट घेतला आणि फाट्यापासून चालत जायला लागले. सहा किलोमीटर. जिथे पोचले नाही तिथे पोचले नाही असंच लिहिलं, निवृत्त होईपर्यंत.

माझी भाची इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे. तिच्याकडून कळलं की तिथे १९०२ च्या कायद्यापासून मिडवाइफवर देखरेख कायद्यानेच होती. सुरुवातीला तपासनीस बाया घरी येऊन सुईणीची बॅग उघडून बघायच्या, कात्री स्वच्छ आहे का, वही भरली आहे का. शंभराहून अधिक वर्षं चालली ती पद्धत २०१७ च्या मार्चअखेर बंद केली. मोरकम बे भागातल्या एका रुग्णालयात अकरा बाळं आणि एक आई वाचू शकली असती, असं २०१५ च्या चौकशी अहवालात निघालं होतं, आणि आधीच्या तपासण्या आपल्याच सहकारी मिडवाइफनी केल्या होत्या, हा त्या पद्धतीतला दोष सगळ्यांना दिसला. भाची म्हणाली, मावशी, तिकडेही देखरेख करणाऱ्या ओळखीच्याच निघाल्या. मला लगेच आमचं महिनाअखेरचं टेबल दिसलं.

असो. तुझं बोलू.

पैसे लागतात, कळतं. कॉलेजच्या फीचं कर्ज वडिलांच्या नावावर आहे हे तू मागेच सांगितलं होतंस, आणि चार हजार म्हणजे जवळजवळ हप्ताच. त्यावर मी प्रवचन देणार नाही. पण दुसरी वाट आहे, ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नर्सिंगचा डिप्लोमा (जीएनएम) किंवा बीएस्सी झालेल्या, दोन वर्षं अनुभव असलेल्या सिस्टरना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'. त्यानंतर रुग्णालयालाच जोडलेल्या मिडवाइफच्या कक्षात गुंतागुंत नसलेली बाळंतपणं तू स्वतः बघायची. गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे द्यायची, आणि कधी द्यायची हे ठरवणं हा त्या कामाचा अर्धा भाग. पार्टोग्राफ, बाळंतपणाचा तो आलेख, आठवतो ना? गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यापासून सुरू, तासाला एक सेंटिमीटर अशी सावधतेची रेघ, तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची रेघ. बाळंतपण झाल्यावर चहा पिता पिता टिंबं जुळवणाऱ्या सिस्टर मी शेकड्याने पाहिल्यात, सगळ्यांच्या रेघा कशा सरळ, सुंदर! खरा पार्टोग्राफ वेडावाकडा असतो, त्यावर कधी बीटाडिनचा डाग असतो. तो भरायला तिथे असावं लागतं. परत तेच आलं, जिथे नव्हतीस तिथे सही नको. वैतागलीस? वैताग.

आता काम. मूळ प्रमाणपत्र दिलंयस की झेरॉक्स, हे तू लिहिलंच नाहीस. झेरॉक्स असेल तर आजच दोन ओळींचं पत्र लिही: माझं नाव व कागदपत्रं आपल्या नोंदणी अर्जात वापरू नयेत, मी आपल्याकडे कामाला नाही. तारीख घाल. दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव, पावती फाइलला लाव. फोनवर सांगून मोकळी होऊ नकोस, फोनवरचं सगळं दुसऱ्या दिवशी नसतंच. पहिल्या महिन्याचे पैसे घेतले असशील तर परत कर, कमी पडले तर मला सांग. आणि स्वतःची नोंदणी कधी संपते ते बघ. पाच वर्षं भुर्रकन जातात आणि मग मुली नूतनीकरणाला लागणारे तासांचे पॉइंट गोळा करायला कुठल्याही सेमिनारला सही करून मागच्या दाराने निघून जातात. तू शेवटपर्यंत बस, मग भाषण कितीही रटाळ असो.

मूळ कागद त्यांच्याकडे असेल तर मात्र एकटी जाऊ नकोस. शनिवारी सकाळी मी नऊच्या गाडीने येते. स्टँडवर रसवंतीच्या बाजूला उभी राहा, उपाशीपोटी नको. तिथून दोघी जाऊ. डॉक्टरांना काय म्हणायचं ते मी म्हणते, तू फक्त कागद मोजून घे.

तुझी,
मॅडम